घरातील मनी प्लांट : ओळख, निगा आणि समज-गैरसमज



स्मरणिकेत इतिहास, धम्म, शिक्षण या विषयांवर अधिकारी व्यक्ती लिहितच असतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने लहान आहे. मोहोपाड्याच्या नव्या इमारतींत, जुन्या चाळींत, कारखान्यांच्या वसाहतींत किंवा आसपासच्या गावांतील घरांच्या पडवीत कुठेही गेलो तरी एक वेल आपल्याला दिसतेच. कुठे ती फ्रिजवर सॉसच्या रिकाम्या बाटलीत असते, कुठे खिडकीच्या ग्रिलला गुंडाळलेली असते, तर कुठे टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबत असते. ही वेल म्हणजे मनी प्लांट. फार निगा न मागणारी म्हणून ती लोकप्रिय झाली. परंतु तिच्याभोवती समजुतीही पुष्कळ जमल्या आहेत. तिची शास्त्रीय ओळख करून घेणे, निगेची रीत समजून घेणे आणि समजुतींची तपासणी करणे, असा तिहेरी हेतू या लेखामागे आहे.

१. वेलीची ओळख

या वेलीचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम असे आहे. तिचे मूळ स्थान प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधील मोरेआ हे बेट. सन १८८० मध्ये तिला पोथॉस ऑरियस हे नाव दिले गेले. पुढे वर्गीकरण बदलले, तरी बागकामाच्या बोलीत पोथॉस हे जुने नाव आजही टिकून आहे.

आपल्या ओळखीचे अळू आणि सुरण ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल आहे. पानाचा हृदयासारखा आकार पाहिला की अळवाशी असलेले नाते लक्षात येते. हे नाते पुढे सावधगिरीच्या मुद्द्यातही उपयोगी पडणार आहे.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट म्हणजे या वेलीला फूल जवळजवळ येतच नाही. फूल येण्यासाठी जिबरेलिन नावाचे संप्रेरक लागते आणि ते तयार करण्याच्या कामी या वेलीतील एक जनुक नीट चालत नाही, असे सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. फूल नाही म्हणून फळ नाही आणि फळ नाही म्हणून बी नाही. मग ही वेल जगभर पसरली कशी? तर फांदीच्या तुकड्यांतून, एका हातातून दुसऱ्या हातात. आपल्या घरातील वेल ही कुणाच्या तरी घरातील वेलीचाच तुकडा आहे, हे विसरू नये.

२. उजेड

मनी प्लांटला उजेड हवा, पण कडक ऊन नको. मूळच्या जंगलात ही वेल मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्यामुळे पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळची जागा तिला मानवते. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे ऊन थेट पानांवर पडले तर पाने करपतात व त्यांवर तपकिरी डाग पडतात. अशा ठिकाणी पातळ पडदा लावावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत घ्यावी.

अंधाऱ्या कोपऱ्यात वेल लगेच मरत नाही, म्हणून तिला उजेड लागतच नाही असा समज होतो. तो खरा नाही. कमी उजेडात दोन पानांतील अंतर वाढते, नवी पाने लहान येतात आणि पानांवरचे पिवळे पट्टे नाहीसे होत जातात. पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य फार कमी असते, त्यामुळे तो भाग अन्न फारसे तयार करीत नाही. उजेड कमी झाला की नवी पाने अधिक हिरवी येऊ लागतात. वेलीने काटकसर सुरू केली, असे आपण म्हणू. सूर्यप्रकाश नसलेल्या खोलीत ट्यूबलाइटच्या प्रकाशावरही ती तग धरते, पण जोमाने वाढत नाही.

३. पाणी

घरातील मनी प्लांट पाण्यावाचून क्वचितच मरतो. बहुतेक वेळा तो जास्त पाण्याने मरतो. याचे कारण समजून घेतले पाहिजे. मुळांना पाण्याप्रमाणे हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात, त्यांवर बुरशी वाढते व ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. त्यामुळे माती ओली असूनही पाने मलूल पडतात. मलूल पाने पाहून घरातील माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही कुजतात.

यावर उपाय सोपा आहे. पाणी वाराप्रमाणे घालू नये, बोट घालून पाहावे. बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत. आत ओल लागली तर पाणी नको. कोरडे लागले तर कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

आपल्या खालापूर-कर्जत भागात ऋतूंचा फरक मोठा आहे. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागू शकते. पावसाळ्यात मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी हवा इतकी दमट असते की घरातील कुंडी आठ-दहा दिवसही ओली राहते. त्या चार महिन्यांत हात आवरता घ्यावा. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हाही पाणी बेतानेच द्यावे.

४. माती, कुंडी व खत

भातशेतीच्या खाचरातील चिकण माती कुंडीत एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. दोन भाग माती, एक भाग जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा विटांचा चुरा असे मिश्रण चांगले. आपला परिसर भाताचा आहे. कर्जतला भाताचे संशोधन करणारे कृषी संशोधन केंद्र आहे आणि गावोगावी भात भरडण्याच्या गिरण्या आहेत. तेथे मिळणारे भाताचे तूसही माती भुसभुशीत ठेवण्यासाठी थोडे मिसळता येते. विकतच्या कोकोपीटची गरज पडतेच असे नाही.

कुंडीला तळाशी भोक हवेच. रंगाचा किंवा तेलाचा रिकामा डबा वापरायचा असेल तर तो स्वच्छ धुऊन खिळ्याने चार-पाच भोके पाडून घ्यावीत. कुंडी एकदम मोठी घेऊ नये, कारण लहान रोप मोठ्या कुंडीतील ओल संपवू शकत नाही.

खताची भूक या वेलीला फार नाही. मार्च ते सप्टेंबर या काळात महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते. चहाचा चोथा घालायचा असल्यास दूध-साखरेचा अंश जाईपर्यंत धुऊन, वाळवून, थोडाच घालावा. नाहीतर मुंग्या व बुरशी येते.

५. बाटलीतील वेल आणि डास

पाण्याच्या बाटलीत मनी प्लांट वर्षानुवर्षे जगतो. मातीची जागा वाचते आणि घर नीटनेटके दिसते. परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारी येते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आपल्याकडील उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे दहा-बारा दिवस पाणी न बदललेली शोभेची बाटली डासांची पाळणाघर होऊ शकते.

म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बाटलीतील पाणी पूर्ण बदलावे. नुसते पाणी ओतून पुरत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. ब्रशने बाटली आतून घासावी. वेलीची मुळे साध्या पाण्याने धुवावीत. बाटलीच्या तोंडाशी वेलीभोवती कापसाचा बोळा बसवावा. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम लागू आहे. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, त्याच दिवशी हे काम उरकावे. गडद रंगाच्या बाटलीत शेवाळ कमी धरते, हाही एक फायदा.

६. नवी रोपे करणे

वेलीच्या खोडावर पान जेथे फुटते ती जागा म्हणजे पेर. त्याच जागी तपकिरी रंगाची बारीक हवाई मुळे असतात व नव्या फुटव्याचा डोळाही तेथेच असतो. म्हणून फांदी कापताना पेर तुकड्यात आले पाहिजे. पेराच्या साधारण एक सेंटिमीटर खाली स्वच्छ कात्रीने कापावे. दोन-तीन पानांचा तुकडा घ्यावा, खालचे पान काढावे आणि पेर पाण्यात बुडेल असे ठेवावे. दोन ते तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. मुळे दोन-तीन इंच झाली की मातीत लावता येतात. पावसाळ्याचे दिवस यासाठी उत्तम.

नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते बरेच दिवस हिरवे राहते, कधी त्याला मुळेही फुटतात, पण त्यातून वेल तयार होत नाही. कारण डोळा पानात नसतो, तो पेरात असतो.

७. आधार व छाटणी

एकच वेल टांगली तर तिची पाने लहान राहतात आणि आधारावर चढवली तर मोठी होतात. वर चढणे हा तिचा मूळ स्वभाव आहे. काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवून वेल तिला सैल बांधावी व काथ्या अधूनमधून ओला करावा. हवाई मुळे त्याला धरतात आणि पाने मोठी येतात.

लोंबती वेल ठेवायची असेल तर ती खाली फार लांब व वर बोडकी होते. त्यासाठी वर्षातून दोन-तीनदा शेंडे खुडावेत. शेंडा खुडला की मागच्या डोळ्यांतून फुटवे येतात. खुडलेले तुकडे त्याच कुंडीत लावले तर कुंडी भरगच्च होते.

८. लक्षणांवरून कारण

खालचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे स्वाभाविक आहे. अनेक पाने एकदम पिवळी पडली आणि माती ओली असली तर पाणी जास्त झाले आहे. रोप बाहेर काढून काळी, मऊ मुळे कापावीत व कोरड्या मातीत लावावे. पाने मलूल पण माती कोरडी असेल तर फक्त पाणी हवे आहे. पानांच्या कडा तपकिरी होत असतील तर पाणी फार उशिरा मिळते आहे किंवा खत जास्त झाले आहे.

देठापाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून आठवड्याने दोन-तीनदा फवारावे. घरात तीव्र कीटकनाशके वापरू नयेत. रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक-टँकर जात असल्याने आपल्याकडे पानांवर धूळ लवकर बसते. ती ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे पानाला उजेड नीट मिळतो.

९. सावधगिरी

अळूचे पान कच्चे खाल्ले तर घसा खाजतो, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच फदफद्यात चिंच घालतात. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे होते. तेच स्फटिक मनी प्लांटमध्येही आहेत, परंतु ही वेल शिजवूनही खाण्याची नाही. रांगणाऱ्या मुलाच्या आणि मांजर-कुत्र्याच्या तोंडी ती लागेल अशी ठेवू नये. मुलाने पान चावले तर तोंड पुसून, चूळ भरायला लावून थंड पाणी किंवा दूध द्यावे. तोंड सुजले किंवा गिळताना-श्वास घेताना त्रास झाला तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. छाटणी केल्यावर हात धुवावेत.

दुसरी सावधगिरी रानाची. छाटलेल्या वेली ओढ्याकाठी किंवा रानात फेकू नयेत. हवाई बेटे, फ्लोरिडा व श्रीलंका येथे ही वेल बागेतून बाहेर पडून रानातील झाडांवर चढली आणि उपद्रवी ठरली. आपल्या जवळच कर्नाळ्याचे अभयारण्य आहे आणि भोवती सह्याद्रीची राने आहेत. तुकडा कुणाला द्यावा किंवा बारीक करून खतात घालावा.

१०. हवा शुद्ध होते काय?

हा प्रश्न रसायनीकरांसाठी साधा नाही. आपल्या गावाचे नावच रसायनांवरून पडले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्याने आणि नंतर पाताळगंगा परिसरात आलेल्या उद्योगांनी येथे हजारो हातांना काम दिले. आपल्यातील अनेकांच्या घरी पहिला कायम पगार या कारखानदारीतूनच आला. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्तान ऑरगॅनिकच्या येथील बहुतेक प्रकल्पांना बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी परिसरातील औद्योगिक वसाहत चालूच आहे. पगाराबरोबर वासही आला. डिसेंबर २०१८ मध्ये येथील वायुगळतीत माकडे व पक्षी मरण पावल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. अशा ठिकाणी आई आपल्या मुलाच्या पलंगाशेजारी हवा शुद्ध करणारी वेल म्हणून मनी प्लांट ठेवते, तेव्हा तिला खरे काय ते सांगणे आपले कर्तव्य आहे.

या समजुतीचे मूळ खऱ्या संशोधनात आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेतील शास्त्रज्ञ वोल्व्हर्टन यांनी १९८९ साली अहवाल प्रसिद्ध केला. झाडे बंद पेटीत ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड अशा द्रव्यांचे प्रमाण घटते काय हे त्यांनी तपासले. त्यात मनी प्लांटही होता आणि प्रमाण घटलेही. पण ती हवाबंद लहान पेटी होती. आपल्या घराला दारे, खिडक्या, फटी आहेत आणि हवा सतत ये-जा करते. कमिंग्ज व वॉरिंग या संशोधकांनी २०१९ साली अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. नुसत्या हवेच्या ये-जा होण्याने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यांना आढळले.

बँकेत आकडेमोडीची सवय असल्याने आम्ही हा हिशेब खोलीला लावून पाहिला. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. कमीत कमी आकडा धरला तरी ११० कुंड्या. मग माणसांनी झोपायचे कुठे? तात्पर्य, एक-दोन वेलींनी कारखान्याचा वायू अडत नाही. वेल डोळ्यांना गारवा देते, मन रमवते, म्हणून अवश्य ठेवावी. वास आल्यास मात्र वेळ, तारीख व वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी आणि ग्रामपंचायत व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सह्यांनिशी लेखी तक्रार द्यावी. हे काम कुठलीही वेल आपल्यासाठी करणार नाही.

रात्री झाडे प्राणवायू संपवतात म्हणून झोपण्याच्या खोलीत नकोत, ही भीतीही तितकीच निराधार आहे. एका कुंडीचा रात्रीचा श्वास माणसाच्या श्वासापुढे अगदीच नगण्य असतो.

११. पैसा आणि चोरी

नावात मनी असल्याने पैसा येतो, वेल आग्नेय दिशेलाच हवी, ती जमिनीला टेकली की धन जाते, अशा गोष्टी विक्रेतेही सांगतात. आमचा दिवस काउंटरवर जातो. खात्यात पैसा वाढताना आम्ही दोनच कारणांनी पाहिला आहे, नियमित भरणा आणि व्याज. महिन्याला ५०० रुपयांचे आवर्ती खाते पाच वर्षे चालविले तर ३०,००० रुपये मुद्दल जमते आणि वर व्याज. त्या खात्याला दिशा लागत नाही. भारतीय संविधानाच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याची सुरुवात घरातल्या कुंडीपासून करायला काय हरकत आहे?

सर्वांत वाईट समजूत म्हणजे चोरून आणलेला मनी प्लांटच फळतो. पंचशीलातील दुसरे शील रोज उच्चारणाऱ्या घरात तरी ही गोष्ट गमतीने सांगितली जाऊ नये. मुले गंमत म्हणूनच शिकतात. शास्त्राच्या बाजूनेही त्यात काही नाही. चोरलेली फांदी जगली तर ती गोष्ट दहा जणांना सांगितली जाते. मेली तर चोरीची गोष्ट सांगणार कोण? म्हणून फक्त जगलेल्या फांद्याच आपल्या कानावर येतात. फांदीला पेर असले, पाणी व उजेड मिळाला की ती जगते. ती मागून आणली की चोरून, हे मुळांना कळत नाही. आणणाऱ्याला मात्र कळते.

१२. विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

(१) एकाच वेलीचे सारख्या लांबीचे तीन तुकडे तीन सारख्या बाटल्यांत ठेवा. एक खिडकीजवळ, एक खोलीच्या मध्यभागी, एक अंधाऱ्या कोपऱ्यात. सहा आठवडे दर रविवारी पाणी बदला, मुळांची लांबी व पानांची संख्या वहीत लिहा आणि निष्कर्ष काढा.

(२) एका बाटलीत पेर असलेला तुकडा व दुसरीत नुसते पान ठेवा. दोन महिन्यांनी काय फरक दिसतो?

(३) शेजारी, नातेवाईक, शिक्षक यांच्याकडून मागून दहा तुकडे आणा. किती जगले ते मोजा. बहुतेक जगले तर चोरीची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या वहीतून द्या.

(४) आपल्या इमारतीतील किंवा वस्तीतील किती घरांत पाण्यात वेल आहे व त्यांतील किती घरी दर आठवड्यास पाणी बदलतात, याची नोंद करा. जेथे बदलत नाहीत तेथे कारण समजावून सांगा.

मित्रहो, ज्या वेलीला बी नाही ती दिल्याशिवाय पसरत नाही. तिला जगण्यासाठी माणसाचा हात लागतो आणि तो हात देणारा असावा. पुढच्या पावसाळ्यात आपापल्या वेलीची छाटणी करताना चार तुकडे बाजूला ठेवावेत, मुळे फुटू द्यावीत आणि ज्यांच्या घरी वेल नाही त्यांना द्यावेत. देताना आठवड्याला पाणी बदलण्याची सूचना विसरू नये, एवढीच विनंती.